शिवणाच्या डब्यातल्या पाच वस्तू

आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लिहिण्याचा सराव म्हणाल तर वाणसामानाची यादी आणि माहेरी पाठवलेली चार पत्रे, एवढाच. चिटणीसबाई म्हणाल्या, "निदान एखादी पाककृती तरी द्या." पाककृती दर वर्षी येतात आणि त्या लिहिणाऱ्या सुगरणी आपल्यात पुष्कळ आहेत. माझ्या मनात मात्र गेले वर्षभर एक गोष्ट सलत होती. ती सांगावी, आणि त्या निमित्ताने जे थोडे वाचले, विचारले, तेही भगिनींपुढे ठेवावे, असे वाटले म्हणून हे धाडस करीत आहे. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

गेल्या वर्षी चैत्रात आपल्या मंडळाचा शिवणवर्ग नव्याने सुरू झाला. येणाऱ्या मुलींनी काय काय आणावे याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी एका दुकानात गेले. दुकानदाराने भराभर नावे सांगितली आणि मी ती लिहून घेतली. यादी एकवीस वस्तूंची झाली. पहिल्याच ओळीत शिवणयंत्र. मग तीन प्रकारच्या कात्र्या, खुणा करायचे दातेरी चाक, वळणाच्या पट्ट्या, बारा रंगांची रिळे, डझनभर बॉबिना, टाचण्यांची गादी, विजेची इस्त्री आणि आणखी कितीतरी. एवढी मोठी यादी पाहून आपला वर्ग कसा अगदी शास्त्रशुद्ध होणार, असा मला अभिमानही वाटला.

आमच्याच आळीतली एक नवी सून नाव घालायला आली. मी तिच्या हातात यादी दिली. तिने उंबऱ्यात उभ्यानेच ती वाचली, घडी घातली आणि "घरी विचारून सांगते, काकू," असे म्हणून ती गेली. पुन्हा आली नाही. पंधरा दिवसांनी काही कामाने मी त्यांच्या घरी गेले, तर ती ओटीवर बसून गोधडी शिवत होती. जुन्या लुगड्यांचे थर, एक सुई आणि एक दोरा. धावदोरा असा सारखा पडला होता की जणू पट्टी ठेवून आखला आहे. माझा टाका आजही तितका सुबक पडत नाही. आणि हिलाच मी शिवणवर्गाच्या दारातून परत पाठवले होते! ती यादी माझ्याच अक्षरात होती, याची मला फार लाज वाटली.

तेव्हापासून मी एकच प्रश्न घेऊन बसले : शिवण शिकू लागणाऱ्या बाईला खरोखर लागते तरी काय? आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "तुमच्या डब्यातल्या वस्तूंची नावेच पाहा ना. कुठली वस्तू आधी आली आणि कुठली मागून, ते नावच सांगेल." मग त्यांनी शब्दकोश काढून दाखवले. सुई आणि कात्री ही नावे संस्कृतातून आलेली, सूची आणि कर्तरी. अंगुस्तान फारसीतून आले. त्या भाषेत अंगुश्त म्हणजे बोट. फीत, गुंडीचे काज आणि इस्त्री हे शब्द पोर्तुगिजांबरोबर आले. टेप, बटण आणि मशीन हे इंग्रजीतले. मला ही गोष्ट फार आवडली. आमच्या गावातल्या वाचनालयातून मी दोन-तीन पुस्तके आणली, न समजलेले मास्तरांना विचारले, आणि डब्यातली एकेक वस्तू हातात घेऊन तिची हकीकत टिपून ठेवू लागले.

आरंभ सुईपासून. सुई ही माणसाच्या अगदी जुन्या हत्यारांपैकी आहे. सायबेरियाच्या थंड प्रदेशात हाडाच्या, नेढे पाडलेल्या सुया सापडल्या आहेत, त्या चाळीस हजार वर्षांहूनही जुन्या मानतात. तेव्हा शेती नव्हती, मडके नव्हते, पण कातडी शिवून अंगाला गुंडाळणे भाग होते, नाहीतर थंडीने जीवच जायचा. आपल्याकडे मोहेंजोदडोच्या उत्खननात तांब्याच्या व काशाच्या सुया निघाल्या. तिथेच चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडाही मिळाला. म्हणजे सुई आणि सुती धागा या दोन्ही वस्तू आपल्या देशात चार हजारांहून अधिक वर्षे नांदत आहेत. ऋग्वेदात राका नावाच्या देवतेला अशी प्रार्थना केली आहे की, तिने न तुटणाऱ्या सुईने आपले काम शिवावे. हे ऐकून मला मोठी मौज वाटली. सुई मोडली की जीव कसा हळहळतो, हे त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होते तर!

पुढे पोलादाच्या सुया आल्या. एकोणिसाव्या शतकात जगातल्या बहुतेक सुया इंग्लंडातल्या रेडिच नावाच्या गावी होत. सुईची टोके घासताना पोलादाची व दगडाची धूळ छातीत जाई आणि ते काम करणारे माणूस तरुणपणीच मरे. आपण दोन-चार रुपयांची वस्तू म्हणून जिच्याकडे पाहतो, तिच्यापायी किती जीव गेले! आपल्या देशात १९४९ साली निलगिरीच्या डोंगरात केट्टी येथे सुयांचा कारखाना निघाला.

नव्या मुलींनी सुईविषयी एक लक्षात ठेवावे. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. सात किंवा आठ नंबरची सुई साध्या सुती कापडाला बरी. यंत्राच्या सुईचे मात्र उलट आहे. तिथे नंबर मोठा तशी सुई जाड होत जाते. हा घोटाळा माझाही पुष्कळ दिवस होत असे. दोऱ्याचा नंबरही मोठा तितका दोरा बारीक. आणि रंगांची बारा रिळे आरंभी मुळीच नकोत. एक पांढरे, एक काळे, आणि जे कापड हाती असेल त्याच्या रंगाचे एक, एवढे पुष्कळ झाले.

दुसरी महत्त्वाची वस्तू कात्री. फार पूर्वीच्या कात्र्या एकाच धातूच्या पट्टीला वाकवून चिमट्यासारख्या केलेल्या असत. दोन पाती मधे खिळ्याने जोडलेली कात्री रोमन लोकांच्या काळापासून, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपासून दिसते. आपल्या देशात मेरठच्या कात्र्या नावाजलेल्या आहेत. तिथले कारागीर मोटारींच्या जुन्या कमानपट्ट्यांसारख्या मोडीच्या पोलादापासून त्या घडवतात आणि धार गेली की पुन्हा पुन्हा लावून देतात. २०१३ साली तिथल्या कात्रीला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणून मी म्हणते, तीन कात्र्या घेण्यापेक्षा एकच घ्यावी, पण चांगली, धार लावता येण्याजोगी घ्यावी. आणि तिने कागद, दोरखंड किंवा दुधाची पिशवी कापायची नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना, निक्षून सांगावा. कागदाने कापडाच्या कात्रीची धार जाते.

तिसरी वस्तू अंगुस्तान, म्हणजे बोटात घालायचे टोपण. आजकालच्या मुली ते घालीत नाहीत. मीही घालीत नसे. जाड कापडातून सुई ढकलताना मधल्या बोटाला भोके पडत आणि भाकरी थापताना ती झोंबत. माझ्या आत्याबाई म्हणायच्या, "टोपणाशिवाय शिवणं म्हणजे वहाणेशिवाय रानात जाणं." किंमत अगदी थोडी, पण त्याने हात वाचतो, आणि हात वाचला तरच दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवायला बसावेसे वाटते.

चौथी वस्तू मापाची. आपल्या आज्या-पणज्यांचे माप त्यांच्या हातातच होते. नऊ इंचांची वीत, दोन वितींचा एक हात आणि दोन हातांचा एक वार, असा साधारण हिशेब. वार म्हणजे ३६ इंच. नऊवारी लुगड्याचे नाव या वारावरूनच पडले. १९५६ साली मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या देशात मीटर आला. मीटर वाराहून तीन इंचांहून थोडा अधिक मोठा. तरीही नऊवारीचे नाव काही बदलले नाही आणि शिंपीदादा आजही छातीचे माप इंचातच सांगतात! म्हणून एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असलेली टेप घ्यावी. कुठल्या बाजूने मोजतो आहोत ते आधी पाहावे आणि शेवटपर्यंत तीच बाजू धरावी. अर्धे माप इंचांत आणि अर्धे सेंटिमीटरात घेऊन एका मैत्रिणीचे पोलके वाया गेलेले मी पाहिले आहे.

सुई, दोरा, कात्री, अंगुस्तान आणि टेप. झाल्या पाच वस्तू. खुणेसाठी साबणाची वाळलेली चकती चालते. टाचण्या घरात असतातच. एवढ्यावर आपल्याकडच्या बायांनी काय नाही शिवले? खणाच्या चोळ्या हातानेच शिवल्या जात. कागदावर आकृती नाही, वळणाची पट्टी नाही. खणाची घडी घालून कात्री चालवायची आणि जोडत जायचे. बाळाची कुंची, टोपरे, झबले, दुपटे, गोधड्या, वाकळा, सगळे हातशिलाईचे. शिवण ही काही केवळ बायकांची कला नव्हे. संत नामदेव महाराज शिंप्याच्या कुळातले. कात्री, सुई, दोरा आणि गज हीच त्या घरची साधने.

आता कुणी म्हणेल, मग यंत्राची गरजच काय? तसे माझे म्हणणे नाही. हाताच्या शिवणाचे गोडवे गाताना त्यातले कष्ट विसरून चालणार नाही. इंग्लंडात पोटासाठी रात्रंदिवस सदरे शिवणाऱ्या बायांचे हाल पाहून टॉमस हूड या कवीने १८४३ साली एक कविता लिहिली आणि ती सगळीकडे गाजली. यंत्र आल्यावर तुलना करून पाहिली तेव्हा एक पुरुषाचा सदरा हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागली आणि यंत्रावर १ तास १६ मिनिटे. हा फरक ज्या बाईचे पोट शिवणावर आहे तिला विचारावा.

यंत्राची हकीकतही मोठी ऐकण्यासारखी आहे. १८३० साली तिमोनिये नावाच्या एका फ्रेंच शिंप्याने शिवणयंत्राचे हक्क घेतले आणि पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवायला सुमारे ८० यंत्रे बसवली. आपला धंदा बुडणार या भीतीने तिथल्या शिंप्यांनी १८३१ साली ती मोडून टाकली. पुढे अमेरिकेत वॉल्टर हंट याने दोन दोऱ्यांची टीप घालणारे यंत्र केले, पण त्याचे हक्कच घेतले नाहीत. हाताने शिवून पोट भरणाऱ्या बायांचे काम जाईल, असे त्याच्या मुलीने म्हटल्यामुळे त्याने तो नाद सोडला, असे सांगतात. याच हंटने १८४९ साली सेफ्टी पिन काढली आणि तिचे हक्क ४०० डॉलरला विकून टाकले. ज्या पिना आपण बांगडीत अडकवून ठेवतो, त्या याच्या!

१८४६ साली एलायस होव याने शिवणयंत्राचे हक्क घेतले. त्याची युक्ती अशी की, सुईचे नेढे मागे न ठेवता टोकाजवळ आणले. चाळीस हजार वर्षे जे नेढे मागे होते ते पुढे आले आणि यंत्र शिवू लागले. आदल्या वर्षी बोस्टनमध्ये त्याने पाच शिवणाऱ्या बायांशी शर्यत लावली, त्यात यंत्र जिंकले. १८५१ साली आयझॅक सिंगर याने पायाने चालणारे, वापरायला सोपे यंत्र आणले. ते इतके महाग की सामान्य कुटुंबाला परवडेना. म्हणून १८५६ साली त्याच्या कंपनीने हप्त्यांनी यंत्र देण्याची पद्धत सुरू केली. आपल्या देशात १९३५ साली कलकत्त्यात उषा यंत्राचा कारखाना निघाला. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला त्यातून वगळले होते. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी केले, असे ते म्हणाले. पत्नीच्या शिवणावर संसार चालल्याची हकीकत मात्र सिंगरची नाही, होवची सांगतात. पण हेतू गांधीजींनी सांगितला तो मनाला पटतो.

हप्त्याचे नाव काढले म्हणून माझीच फजिती सांगते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी शिवणयंत्र घेतले. मला शिवता येत नव्हते. यंत्र घरात आले की शिवण आपोआप येईल, अशी माझी समजूत! दुकानदारानेही मान डोलावली. आगाऊ रकमेसाठी माझ्या पाटल्या गहाण पडल्या. यंत्र आले, सासूबाईंनी त्याला हळदीकुंकू वाहिले, शेजारणी पाहून गेल्या. पहिल्याच आठवड्यात मी कोरे कापड न भिजवताच परकर बेतला. धुतल्यावर तो आटून मुलीच्या परकराएवढा झाला. पुढे पोलके बेतले, तर गळा इतका मोठा कापला की ते कुणालाच होईना. टीप सरळ येईना, दोरा तुटे, खाली जाळे होई. मी यंत्राला दोष देई. शेवटी त्यावर चादर घातली आणि दोन वर्षे त्याचा उपयोग घड्या केलेले कपडे ठेवायला झाला. हप्ते मात्र दरमहा जात होते. यजमान एका शब्दाने बोलले नाहीत, पण पगाराच्या दिवशी त्यांच्या समोर उभे राहायला मला संकोच वाटे.

मला शिवण शिकवले ते माझ्या आत्याबाईंनी. त्या महिनाभर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. यंत्रावरची चादर त्यांनी काढूच दिली नाही. "आधी हात बसू दे," म्हणाल्या. जुन्या धोतराच्या तुकड्यावर धावदोरा, मग बखिया म्हणजे उलटटीप, मग तुरपाई, मग काज. पुढे हातरुमाल, पिशवी, झबले. वाकडे आले की उसवायचे. उसवताना कापड कसे जोडलेले असते ते कळते, असे त्यांचे म्हणणे. महिन्याअखेर चादर निघाली आणि त्याच यंत्रावर मी सरळ टीप मारली. यंत्रात काहीच दोष नव्हता. पाटल्या सुटायला आणखी दोन वर्षे लागली.

आणि एवढे सगळे भोगूनही, गेल्या वर्षी यादी करताना मी पहिल्या ओळीत काय लिहिले? शिवणयंत्र! आपण शिकलो कसे ते माणूस किती लवकर विसरते पाहा.

आपल्याकडच्या थोर स्त्रियांनी मात्र हे विसरू दिले नव्हते. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि निराधार स्त्रियांना शिक्षणाबरोबर हाताचे काम दिले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथे शिवण-भरतकाम शिकून कितीतरी बाया स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. तिथे येणाऱ्या बहुतेक परिस्थितीने गांजलेल्या. त्यांना कुणी दारात सामानाची यादी दिली असती, तर आत किती आल्या असत्या? साधने संस्थेने जमवायची आणि बाईने आपले दोन हात घेऊन यायचे, हीच त्या संस्थांची रीत. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि ठिकठिकाणच्या स्त्रियांच्या संस्थांना मदत मिळू लागली, तेव्हाही हाच विचार होता.

म्हणून भगिनींनो, या वर्धापनदिनी माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. शिवणवर्गाच्या नव्या मुलींना फक्त पाच वस्तू आणायला सांगाव्या : सुई, दोरा, कात्री, अंगुस्तान आणि टेप. पहिले दोन महिने हातशिलाईच शिकवावी. त्यानंतर मंडळाच्या यंत्रावर पाळीपाळीने बसवावे. मंडळाजवळ आज एकच यंत्र आहे. हळदीकुंकवाच्या शिलकीतून आणि सभासदांच्या थोड्या वर्गणीतून दुसरे घेता येईल. ज्यांच्या घरी एखादे यंत्र चादरीखाली झोपले असेल, त्यांनी ते मंडळाला वापरायला दिले तर फारच उत्तम. अशी यंत्रे आपल्या आळीत किमान तीन तरी आहेत, हे मला ठाऊक आहे! बाकीच्या सोळा वस्तू जिला ज्याची गरज पडेल तिने त्या वेळी घ्याव्या. हात बसल्यावर कुठली वस्तू आपल्याला हवी ते आपल्यालाच कळते, दुकानदाराला विचारावे लागत नाही.

ती नवी सून काय करते, असे तुम्ही विचाराल. गेल्या श्रावणात मी नवी यादी घेऊन तिच्याकडे गेले. आधी तिची क्षमा मागितली. तिने पाच ओळी वाचल्या, कागद उलटा करून मागची बाजू पाहिली आणि म्हणाली, "एवढंच, काकू?" दुसऱ्या दिवशी एका जुन्या डब्यात चार वस्तू घेऊन ती वर्गाला आली. अंगुस्तान तिच्याकडे नव्हते. माझ्या आत्याबाईंचे पितळी टोपण माझ्यापाशी होते, ते मी तिला दिले. ते तिच्या बोटाला नीट बसले.

आपले मंडळ असेच वाढत राहो, आणि त्याच्या दारातून कुठलीही मुलगी यादी वाचून परत न जावो, एवढीच देवापाशी प्रार्थना करून हा लेख पुरा करते.